दुर्बिणीवरचं कुंकू

"दोन्ही डोये उघडे ठेव."

मामा हे कशालाही म्हणत. मी परीक्षेला निघाले तरी, आई बाजारात वांगी निवडत असली तरी, माझे वडील एखाद्या पक्षकाराच्या गोड बोलण्याची तारीफ करू लागले तरी. म्हणताना डाव्या डोळ्याखाली बोट टेकवून पापणी जरा ओढत. नवख्या माणसाला वाटे, हे डोळ्यात गेलेला कचरा दाखवताहेत.

गेल्या आठवड्यात धाकट्यानं फोनवर विचारलं, की क्लबातल्या रायफलच्या स्पर्धेसाठी दुर्बीण घ्यायची आहे, सगळे म्हणतात जास्त ताकदीची घे, तर तुझ्या कपाटातली ती जुनी नळी किती पटीची आहे? मी एवढंच सांगितलं, की ती एकापासून चार पटीपर्यंत फिरते, तूही तसलीच घे. कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. थोरलीनं मागे एकदा विचारलं होतं, की त्या नळीच्या पुढच्या काचेवर लाल काय आहे. दोघांची उत्तरं एकाच माणसापाशी आहेत, म्हणून तुम्हा दोघा भावंडांना एकत्रच लिहिते आणि क्रमानं लिहिते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठे साहेब नागपुराहून येत आणि बुलढाण्याची हवा थंड म्हणून चार दिवस जास्त राहत. आमचं घर बुलढाण्यात, वडील वकील. मामा घाटाखालचे, जळगाव जामोदकडचे जमीनदार. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची शेती होती. तिच्या बांधाचा एक खटला वडिलांकडे होता. त्यासाठी त्यांनी आमच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं, आणि खटला संपला तरी सोडलं नाही. मामींना इथलं पाणी मानवलं, असं ते सांगत. मामी सांगत, की ह्याईले इथलं बंदुकीचं मैदान मानवलं. पहिल्याच दिवाळीत भाऊबीजेला ते लुगडं घेऊन आईपुढे पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, मले बहीण नाई. तेव्हापासून ते आमचे मामा. त्यांच्या तोंडी तुम्हाला 'ळ' सापडणार नाही. ते वऱ्हाडी बोलत आणि साहेबांशीही तसंच बोलत. साहेब मान हलवत.

उंच, वाळकी अंगकाठी, धोतरावर खाकी कोट, आणि कोटाच्या खिशात नेहमी भाजलेले फुटाणे. तरुणपणी त्यांनी खूप शिकार केली होती. मी त्यांना पाहिलं तेव्हा ती केव्हाच सुटली होती. जनावर मारून पाह्यलं, आता कागद मारतो, असं म्हणत आणि पुढे काही विचारू देत नसत. रायफल मात्र रोज सकाळी ओसरीवर यायची. मांडीवर आडवी घेऊन ते ती पुसत, तेल लावत, आणि आतून मामींचा आवाज येई.

"झाली का माह्या सवतीची वेणीफणी?"

"झाली."

"माह्या केसाले कधी तेल लावलं का ह्या हातानं?"

"तिचं बरं हाय," मामा फडकं घडी करत म्हणत. "मी चाप ओढल्यावरच तिचा आवाज निघते."

आम्ही भिंतीपलीकडून हे रोज ऐकत असू. तुम्ही रेडिओ ऐकता तसं.

दर हिवाळ्यात मैदानावर रायफलची स्पर्धा होई. अकोल्याचे, अमरावतीचे अंमलदार येत, दोनचार जमीनदार असत. तिचे दोन भाग होते. सकाळी पळतं हरीण. म्हणजे लाकडाचं हरीण, खाली चाकं, रुळावरून दोरीनं ओढलेलं. दोन झुडपांच्या मधल्या उघड्या जागेतून ते जाई तेवढ्या वेळात बार काढायचा. दुपारी लांबचं निशाण. उभं, काळं, न हलणारं, पण इतकं दूर की मला ते टिकलीएवढं दिसे. मामांनी तिथला चषक बरेचदा घरी आणला होता. मामी त्यात देवाच्या वाती ठेवत.

मग एका वर्षी मामांचं हरीण चुकलं. एकदा नव्हे, सगळ्या फेऱ्यांत. बंदुकीच्या नळीच्या टोकावर नेम धरायला जो बारीक उंचवटा असतो, त्याला शिकारी लोक माशी म्हणतात. मागची खाच, ही माशी आणि समोरचं निशाण, तिन्ही एका रेषेत आणायची. वय झालं की डोळा तिन्हींवर एकदम ठरत नाही. मामा घरी आले, रायफल खुंटीला लावली आणि आईला म्हणाले, "माशी उडून गेली, बाई."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. थोड्या दिवसांनी कळलं, की त्यांनी मनाशी ठरवलंय: पुढच्या हिवाळ्यात एकदा पाहायचं, हरीण लागलं नाही तर रायफल पुतण्याला द्यायची आणि परवाना सरकारजमा करायचा. तेव्हापासून ओसरीवरचं पुसणं बंद झालं. भिंतीपलीकडची भांडणंही बंद झाली. फुटाण्यांचा खिसा रिकामा राहू लागला.

एका दुपारी मामी आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. आई भाकरी थापत होती.

"सवत चालली त मले आनंद व्हाले पाह्यजे नं?" त्या म्हणाल्या. "पन मंग ह्या मानसाचं मी काय करू? खुर्चीत बसल्या बसल्या वायून राह्यला."

वडिलांनी मनावर घेतलं ते यानंतर. स्पर्धेच्या नियमांत रायफलवर कोणतीही नेमाची सोय चालेल असं एक कलम होतं, ते त्यांनी शोधून काढलं. कलमं शोधण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. दुर्बीण बसवली तर आतली खूण आणि समोरचं निशाण एकाच ठिकाणी दिसतात, डोळ्याला ये-जा करावी लागत नाही, हे त्यांना गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं. मुंबईच्या एका दुकानातून त्यांनी यादी मागवली. ती इंग्रजीत होती, आणि माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. म्हणून रोज संध्याकाळी मामांपुढे ती वाचून मराठी करून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

तीन दुर्बिणी त्यांना परवडतील अशा होत्या. एक सहा पटीची. एक अडीच पटीची. आणि एक नवीनच निघालेली, मधलं कडं फिरवलं की एकापासून चार पटीपर्यंत जाणारी.

वडिलांचं मत पहिल्या संध्याकाळीच झालं. घ्यायची तर सहाची. जिथं सहा मिळतात तिथं चार कोण घेईल? डॉक्टरांनीही मान डोलावली. मामा फुटाणे नसलेल्या खिशात हात घालून बसले. मग म्हणाले, "दूरचं निशान मोठं दिसन, हे खरं हाय वकीलसाहेब. पन ते काय निशानालेच मोठं करते? माह्या हाताचा कंपबी सहा पट करन. तो पाह्यल्यावर मी चाप ओढू का रडत बसू?"

वडील म्हणाले, मग अडीचची घ्या. मामा म्हणाले, "आन् हरीण?"

त्या यादीत प्रत्येक दुर्बिणीपुढे एक आकडा होता: शंभर यार्डांवर किती फूट रुंदीचं दिसेल. मी तो वाचून दाखवला, पण फुटांनी कोणाचं समाधान होईना. मामांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं की बाजाराच्या दिवशी मोताळ्याच्या रस्त्यावर जायचं. बाजाराला छकडे येत असतात, ते मोजून पाहू. रस्त्याच्या कडेला एका टोकाला त्यांनी मला उभं केलं, दुसऱ्या टोकाला वडिलांना, काळ्या कोटासकट, आणि स्वतः शंभर यार्ड मागे जाऊन लिंबाखाली बसले. यादीतले फूट काठीनं मोजून, सहाच्या दुर्बिणीत जेवढं दिसेल तेवढ्या अंतरावर आम्ही उभे राहिलो, तर आमच्यामध्ये बैलांसकट एकच छकडा मावला. मग मामांनी हात हलवून हलवून आम्हाला दूर सरकवलं. एका पटीत जेवढं दिसेल तिथं पोचलो, तेव्हा आमच्यामध्ये बाजाराला निघालेल्या छकड्यांची अख्खी रांग होती, वर एक शेळ्यांचा कळप.

वकीलसाहेब रस्त्याच्या कडेला काठी धरून उभे, हे गावात पसरायला वेळ लागला नाही. रस्त्यासाठी जमीन मोजताहेत असं समजून संध्याकाळी दोन शेतकरी कागदपत्रं घेऊन आमच्या दारात आले. वडिलांनी त्यांना समजावलं, चहा पाजला, आणि त्यातल्या एकाचा खटला खरंच घेतला.

मामा मात्र त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी बोलते झाले होते. माझ्यापुढे त्यांनी हात पसरून हिशेब मांडला. हरीण पयते. छोट्या भोकातून पाह्यलं त ते कधी आलं अन् कधी गेलं कयनार नाई. तिथं एकच पट पाह्यजे, म्हणजे उजवा डोळा दुर्बिणीत अन् डावा बाहेर, दोघाईले सारखंच दिसन. दुपारी निशान उभं राह्यते, तिथं कडं फिरवून चार करायचं. चाराच्या वर आपल्या हाताले लाज वाटन. "दोन्ही डोये उघडे ठेवता येतील अशी एकच हाय," ते म्हणाले आणि पापणी ओढली. "तेच घ्याची."

एवढंच तुला सांगायचं होतं, धाकट्या. हरीण असेल तर एक, उभं निशाण असेल तर चार, आणि दोन्ही असतील तर फिरणारी. डोळ्यापासून काच चांगली चार बोटं लांब राहील अशी बघ, नाही तर धक्क्यानं भुवई फुटते. ही शेवटची सूचना मामींची आहे. यादी वाचताना त्या आतून म्हणाल्या होत्या, "ते कपायाले लागन त? आधी ते इचारा."

दुर्बीण मुंबईहून मलकापूर स्टेशनात आली आणि तिथून मोटारीनं घाट चढून वर. खामगावच्या कारागिरानं ती रायफलवर बसवली. मामा ती पहिल्यांदा डोळ्याला लावून समोरच्या कौलांवरचा कावळा पाहत राहिले. कावळा उडाला तरी पाहत राहिले. मामी आतून दारापाशी आल्या. मग म्हणाल्या, "दिसते का?" मामा म्हणाले, "माशी परत आली."

पुढच्या आठवड्यात दसरा होता.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, हे तुम्ही तिकडे विसरला नसाल. मामींच्या घरी विळी, पावशी, कुऱ्हाड, मामांची लेखणी आणि रायफल एका पाटावर मांडत. इतर वर्षी मामी रायफलच्या दस्त्याला, लाकडाला, करंगळीनं कुंकू टेकवत आणि "घे वं बाई, तुलेबी घे," असं म्हणून पुढच्या वस्तूकडे वळत. त्या वर्षी तसं झालं नाही. त्यांनी तेलात कुंकू कालवलं. रायफलपुढे पदर पसरून बराच वेळ बसल्या. आणि मग, सवाष्णीच्या कपाळाला लावावं तसं, अंगठ्यानं दाबून, दुर्बिणीच्या पुढच्या काचेच्या मधोमध कुंकू लावलं.

मामा संध्याकाळी सोनं लुटून आले तेव्हा त्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या सकाळी ते आमच्याकडे आले आणि हळूच मला म्हणाले, त्या यादीत काच पुसायचं काय लिहिलं हाय ते वाच. मी वाचलं: फडक्यानं घासू नये, त्यात बारीक रेती असते, चरे पडतात; स्पिरिट आणि मऊ कापूस. वडिलांनी डॉक्टरांकडून स्पिरिटची बाटली आणून दिली. मामा ती घेऊन गेले.

थोड्या वेळानं बाटली तशीच परत घेऊन आले.

ते ओसरीवर बसले, आणि त्यांनी मला जे सांगितलं ते मी इतकी वर्षं तसंच ठेवलंय. बाटली उघडायच्या आधी त्यांनी मामींना विचारलं होतं, काचेले काऊन लावलं? मामी म्हणाल्या होत्या, "तुमचा डोया थकला. आता ह्याच डोयानं पाहाचं हाय नं तुमाले? मंग त्याले नको का लावाले?" मामांनी बाटली न उघडताच उचलली होती.

"तीस वर्सं सवत म्हणून राह्यली," ते मला म्हणाले. "पहिल्यांदा तिच्यासाठी हात जोडले तिनं. मी स्पिरिट लावू?"

मी म्हटलं, पण मामा, दिसेल कसं? तर म्हणाले, पाह्य. मी पाहिलं. मला वाटलं होतं सगळं लाल दिसेल, मध्ये डाग दिसेल. तसं काहीच नव्हतं. पुढच्या काचेवरचा डाग डोळ्याला दिसतच नाही. फक्त चित्र जरा मंद होतं, दिवेलागणीच्या वेळी अंगण दिसतं तसं. मामांनी त्यातूनच सराव सुरू केला. रोज सकाळी मैदानावर जात, सूर्य पाठीशी. बार लागत होते. खिशात फुटाणे परत आले. भिंतीपलीकडे मामींचा आवाजही परत आला.

स्पर्धेच्या दिवशी मामी मैदानावर आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. बायकांच्या मांडवात साहेबांच्या मडमा असणार, कोणी काही विचारलं तर बोलायला कोणी हवं, म्हणून माझी नेमणूक झाली. मी माझ्या सवयीनं पिशवी भरून घेतली होती: पाण्याचा तांब्या, सुई-दोरा, आणि कापूस व स्पिरिटची बाटली. मामी हिरवं लुगडं नेसून, पदर डोक्यावरून घट्ट घेऊन, खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या.

हरीण सुटलं. मामांनी कडं एकावर आणलेलं होतं. दोन्ही डोळे उघडे ठेवून, रायफल हरणाबरोबर हलकेच नेत, त्यांनी बार काढला. लाकडाचा ढलपा उडाला. हरीण परत आलं, परत ढलपा. शेवटच्या फेरीपर्यंत एकही चुकला नाही. मामी प्रत्येक बाराला डोळे गच्च मिटत आणि मग मला विचारत, "लागलं?" मी म्हणे, लागलं. शेवटी त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही.

दुपारी लांबचं निशाण होतं. पाळ्या लांबत गेल्या आणि मामांची आली तेव्हा सूर्य उतरला होता, आणि निशाण पश्चिमेला होतं. आम्ही सगळा सराव सकाळचा केला होता. हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मामांनी कडं चारावर नेलं, आडवे झाले, डोळा लावला, आणि लगेच काढला. परत लावला. मी मामींना आलेच म्हणून उठले आणि पिशवी घेऊन मैदानाच्या कडेच्या दोरीपर्यंत गेले.

"काय झालं, मामा?"

"ऊन कुंकवावर पडून राह्यलं," ते हळूच म्हणाले. "सारं पांढरं. धुकं पडल्यावानी."

मी पिशवीतून बाटली आणि कापूस काढला. पंच घड्याळ पाहत होते, पण वेळ होता. एक बोळा फिरवला असता की झालं असतं. त्या काचेवर घासायचीही गरज नव्हती. मामांनी माझ्या हातातल्या कापसाकडे पाहिलं, मग मांडवाकडे. मामी मान उंच करून आमच्याकडेच पाहत होत्या.

"ठेव ते," मामा म्हणाले. "ती पाहून राह्यली."

मग त्यांनी त्या धुक्यातूनच बार काढले. काही लागले, काही कडेला गेले. चषक एका तरुण जंगल अंमलदाराला मिळाला. मामांनी त्याच्याशी हात मिळवला आणि त्याच्या मुठीत फुटाणे दिले.

परतताना छकड्यात मामींनी विचारलं, "दुपारचं काऊन चुकलं?"

"मले कंप सुटला," मामा म्हणाले. "हरीण त लागलं नं? डोये अजून हायेत माह्ये."

त्यानंतर रायफल पुतण्याकडे जायची गोष्ट कोणी काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांडीवर आली, तेल लागलं, आणि आतून सवतीचा उद्धार झाला. मी ते ऐकत इंग्रजीचं व्याकरण पाठ करत होते.

पुढच्या दसऱ्याला मी मुद्दाम त्यांच्याकडे थांबले. मामींनी विळीला, कुऱ्हाडीला कुंकू लावलं. रायफलपाशी आल्या आणि कोरड्या कुंकवाचं बोट पूर्वीसारखं लाकडाच्या दस्त्याला टेकवलं. मामा बघत होते.

"यंदा काचेले नाई?"

"तिचं तिले पाहू द्या," मामी ताट उचलत म्हणाल्या. "मागच्या साली लय ऊन व्हतं."

 मामींना केव्हा कळलं, कापूस पाहून की दुसऱ्याच दिवशी, ते मला आजही ठाऊक नाही. मामांनी काच त्यानंतर तरी पुसली असेल असं तुम्हाला वाटेल. मधली पुसली. कडेला, जिथं काच धातूत बसते, तिथवर तेलानं ओघळलेली लाल रेघ त्यांनी तशीच ठेवली. त्या काचेनं त्यांनी पुढे दोनदा चषक आणला. वाती त्याही चषकांत गेल्या.

माझं लग्न झालं, मी देऊळगाव राजाला गेले. मामी गेल्या त्या वर्षी मला यायला जमलं नाही. नंतरच्या दसऱ्याला माहेरी आले, तेव्हा मामांनी भिंतीवरून हाक मारली. पाटावर सगळं त्यांनीच मांडलं होतं, वेडंवाकडं. रायफल बरेच दिवस पुसलेली दिसत नव्हती. ते म्हणाले, लाव बाई तूच, माह्यानं होत नाई. मी सगळ्यांना लावत आले आणि रायफलपाशी थांबले. दस्त्याकडे बोट नेलं, तर त्यांनी माझं मनगट धरून पुढे नेलं, काचेपर्यंत.

"इथं."

"मामा, काच खराब होईल. नेम कसा धरणार?"

"आता कोनाचा नेम धराचा हाय मले?" ते म्हणाले. "दाबून लाव. तिनं लावलं व्हतं तसं."

मी तेलात कुंकू कालवून अंगठ्यानं दाबून लावलं. त्यांनी रायफल उचलली, खिडकीतून बाहेर धरली, डोळा लावला. दोन्ही डोळे उघडे होते. अंगणातल्या तुळशीकडे ते किती तरी वेळ पाहत राहिले.

तो हिवाळा त्यांनी पाहिला नाही. रायफल सरकारात जमा झाली, दुर्बीण तेवढी त्यांनी माझ्या नावानं काढून ठेवली होती. तीच माझ्या कपाटात आहे. काचेच्या मधोमध आहे ते माझं कुंकू. कडेची रेघ मामींची. थोरले, पुढच्या खेपेला येईन तेव्हा ती पुसून देऊ का म्हणून तू विचारलं होतंस. पुसू नकोस. खिडकीपाशी नेऊन डोळ्याला लाव. लाल काही दिसणार नाही, फक्त अंगण जरा सांजावल्यासारखं दिसेल. दुसरा डोळा मिटू नकोस.